बिनधुळीच्या चपला

ये गं लेकी, जवळ बस. दवाखान्यातून येऊन महिना झाला अन् डॉक्टरनं सांगितलेलं चालणं सोडून खाटंवर लोळतीस व्हय? तुझ्या कोऱ्या चपलाच चुगली करतात. आमच्या मालकांना हृदयाचा झटका येऊन गेल्यावर त्यांनाबी रोज फाट्यापर्यंत चालायला सांगितलं व्हतं. साल दुष्काळाचं, वाटंवर पाऊल टाकलं तरी धुरळा, अन् ह्यांच्या चपला मात्र देव्हाऱ्यात ठेवाव्यात अशा! मला वाटलं, चालायचं सोडून कुठंतरी बसतात, सोडलेली तंबाखू परत सुरू झाली. एका सकाळी गुपचूप मागं गेले. दूध आटल्यानं बंद पडलेली सोसायटीची डेअरी आमच्या ओट्याला लागूनच. तिच्या ओट्यावर हे बसलेले. तोंडात तंबाखू न्हाई, काई न्हाई. "मला फसवता व्हय?" म्हणलं, तर मान खाली घालून म्हणाले, "चाललं की छाती धडधडती. वाटतं, वाटंत एकटाच पडून मरन." माझा राग तिथंच इरला. डॉक्टरला विचारलं, तो म्हणला, हळूहळू वाढवा. मग दोघं निघालो, आधी विजेच्या एका खांबापर्यंत, मग दोन. पाऊस पडायच्या आत फाटा गाठला, अन् तिथून परतताना हेच मला म्हणले, "पाय उचल की, म्हातारे!" आता माझे गुडघे कुरकुरतात, पण तुझ्यासंगं निघन. आज जातीस तर जा, पण परत लवकर ये, अन् एस्टी स्टँडपासून चालत ये. मी आधी चपला बघणार हाय.