जपानी पिक्चरमध्ये गाणी नसतात

लग्न होऊन मी तुमसर रोड स्टेशनवर भिलाईकडची पॅसेंजर धरायला उभी होते, तेव्हा पोचवायला आलेल्या गावातल्या सगळ्या बायका रडत होत्या आणि आई जावयाची उलटतपासणी घेत होती. क्वार्टरला संडास आत आहे का बाहेर, नळ किती वेळ चालतो, भट्टीची धग घरापर्यंत येते का. नवरा बिचारा नवीन होता, खरी खरी उत्तरं देत होता. गाडी आली तशी तिनं मला खिडकीशी बसवलं आणि बाहेरून म्हणाली, "तिकडं सारे हिंदीत बोलतेत. तूही बोल. पण भांडण मराठीतच करजो. शेजाऱ्याले समजाले नाही पाहिजे."

हा सल्ला मी आयुष्यभर पाळला. परिणाम असा की सेक्टर दोनमधल्या आमच्या ब्लॉकमध्ये वरचे बंगाली, बाजूचे साहू आणि समोरचे मल्याळी, सगळ्यांना आता उत्तम मराठी समजतं.

गावकऱ्यांनो, तुम्ही जे तिकडंच राहिलात, त्या तुम्हाला मी भिलाईत मजेत आहे असं वाटायचं. आणि जे माझ्यासारखे धानाच्या बांधीतला चिखल पायावरून धुऊन प्लान्टच्या भोंग्यावर जगायला आले, त्यांना ठाऊक आहे पहिलं वर्ष कसं जातं. नवरा कधी ए शिफ्टला, कधी बी शिफ्टला, आणि मी चार भिंतींच्या शिफ्टला. दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगावी मंडईची जत्रा भरते, रात्रभर नाटकं लागतात, आई चटई घेऊन पुढची जागा धरते. इथं त्या दिवसांत मी खिडकीत बसून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे मोजायचे. नवऱ्याला ते पाहवलं नाही. सुपेल्याच्या बाजारातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून त्यानं रेकॉर्ड प्लेयर आणला, नाटकाची गाणी लावू म्हणाला. दुकानदारानं सुतळीनं बांधलेला रेकॉर्डचा गठ्ठा वरून फुकट दिला. त्यात मराठी एकही नव्हती. हिंदीही नव्हती. कोणतीच नव्हती, म्हणजे मला कळेल अशी.

आता भिलाईत एक साधा नियम आहे. कारखाना रशियनांच्या मदतीनं उभा राहिला, त्यामुळे ज्या वस्तूवरची अक्षरं वाचता येत नाहीत ती वस्तू रशियन. मीही तोच नियम लावला. एका बाईचा मऊ आवाज, मागं तुतारीसारखं काही आणि बेभान ढोलकं. शब्द कळत नव्हते, पण बाई कुणाची तरी वाट पाहत आहे एवढं कळायचं. पोळ्या लाटताना, डाळ निवडताना, मी वर्षानुवर्षं 'माझी रशियन गाणी' ऐकली. पाहुण्यांना बसवून ऐकवली. रशियन साहेबांच्या हाताखाली काम केलेले एक रिटायर्ड फोरमन चहा पिताना म्हणालेसुद्धा, "हाँ भाभी, ये मॉस्को साइड का लगता है."

मग मुलगी कॉलेजात गेली, तिनं एक दिवस गाणं ओळखायला मोबाइल रेकॉर्डजवळ धरला आणि म्हणाली, "मम्मी, ये तो जापानी है." बापलेक हसून हसून लोळले. नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सांगितलं, म्हणजे अर्ध्या टाउनशिपला कळलं. मी मात्र त्या बाईची माफी मागितल्यासारखी दिवसभर तिच्याच रेकॉर्ड लावत बसले.

मुलीनंच मग मला जुने जपानी पिक्चर शोधून दिले. पहिलाच पाहिला आणि मी पदर खोचून नीट बसले. दारात चपला काढणारी माणसं, खाली बसून भात खाणारी. मनात एक असतं आणि बोलतात पाऊसपाण्याचं. माझे वडील थेट असेच होते. मला वाटलं, अरे, हे तर भंडाऱ्याकडचेच लोक दिसतात, फक्त आवाज हळू आहे.

आता आईकडे येते, कारण हे सगळं तिच्यासाठीच सांगत आहे. वडील गेल्यापासून ती गावात एकटी. मी एकुलती एक. गेल्या पावसाळ्यात ती आंगणात पडली आणि शेजारचे येईपर्यंत तिथंच बसून राहिली, हे मला तिनं नाही, तुमच्यातल्याच कुणीतरी फोनवर सांगितलं. मी म्हटलं, आता भिलाईलाच राहा. पण लेकीच्या घरी आईनं पाहुणी म्हणून यावं, राहायला येऊ नये, हे तिच्या डोक्यात पक्कं. शेवटी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कशीबशी आली, तीही स्वतःच्या बांधीतल्या तांदळाची पोतंभर चुंगडी घेऊन.

"लेकीचं खावं नाही," म्हणाली. "हे तांदूळ सरले का मले गाडीत बसवून दे."

त्या दिवसापासून मी जेवायला बसले की आधी चुंगडीकडे बघायचे. भात कमी लावायचे, भाकरी जास्त. दुपारी तिला पोहे द्यायचे, कारण पोह्यांबद्दल तिचा काही नियम नव्हता.

एक डोळा झाला, दुसऱ्यात मोतीबिंदू होताच. डॉक्टरनं टीव्ही कमी पाहा सांगितलं, तिनं त्याचं 'पाहूच नको' केलं आणि काळा चष्मा चढवून पलंगावर बसली. दिवसभर करणार काय? माझा पिक्चर चालू असायचा. विचारू लागली, कोण बोलून राहिलं, काय म्हणते. मी खालची इंग्रजी वाचून सांगू लागले. माझी इंग्रजी बीए थर्ड क्लासची, एक वाक्य वाचेपर्यंत पुढची तीन निघून जायची, म्हणून थांबवून थांबवून.

पिक्चर एका समुद्रकाठच्या गावातल्या विधवेचा होता. छत्र्या दुरुस्त करायचं तिचं दुकान. लेक मोठ्या शहरात, ती आईला तिकडं चल म्हणते. जपानी नावं आईच्या तोंडात बसेनात, म्हणून विधवेची झाली सुमन आणि लेकीची मंदा. थोडं झालं की आई म्हणाली, "गाणं कधी येते?"

मी म्हटलं, यात गाणी नसतात.

"मंग नाटक कायचं ते?"

झाडीपट्टीत, गाण्यांनी भरलेल्या नाटकांत जन्म गेलेली बाई ती. मी उठले, पिक्चर थांबवला आणि रेकॉर्ड लावली. मंदाची गाडी आली की तुतारीवालं गाणं. सुमन एकटी छत्रीची काडी बसवते तेव्हा ते वाट पाहणारं. आई मांडीवर ठेका धरायची. एकदा तर 'वन्स मोअर' म्हणाली. दोन तासांचा पिक्चर मी कितीतरी दुपारी पुरवला. मध्ये सुमनला शेजारीण दिली, बकरी दिली. पण शेवट काही केल्या सांगेना. कारण शेवटी सुमन जात नाही. सकाळी उठून दुकानाच्या फळ्या काढते आणि पिक्चर संपतो. आणि चुंगडीत तांदूळ आता तळाला गेले होते.

"गेली का मंग सुमन लेकीकडं?" आई रोज विचारायची. मी रेकॉर्ड बदलायचे.

डोळा बरा झाला तशी ती म्हणाली, आता मलेच पाहू दे. मला टाळता आलं नाही. ती पुढं सरकून बसली आणि मी मागं, तिच्या अंबाड्याकडे पाहत. शेजारीण आली नाही, बकरी आली नाही. फळ्या निघाल्या, पिक्चर संपला. मी वाट पाहत होते की आता म्हणेल, पाहाय, कशी आपल्या घरी राहिली.

"गाणं एकही नाही याच्यात," ती म्हणाली. "तुह्यात चांगलं होतं."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या मंदीनं मायले तीनदा बलावलं. तीनही बार दारातच उभी होती, बॅग खांद्यावर. एक डाव मायजवळ टेकली नाही. मंग कशी येईन ते?"

मी तो पिक्चर कितीदा पाहिला असेल. माझं लक्ष खालच्या इंग्रजीवर. मंदा बसली की उभी राहिली, मला कधी दिसलंच नव्हतं.

आई स्वयंपाकघरात गेली. चुंगडीचं तोंड तिनं सुतळीनं बांधून टाकलं, आत मूठ-दोन मुठी होत्या तरी. म्हणाली, "आजपासून तुह्या डब्यातले लाव. मंडईले मले नेऊन दे, नाटक पाहून परत येईन."

परत, म्हणजे इकडं. इतकी वर्षं 'परत' म्हटलं की आम्हा दोघींच्या मनात एकच दिशा होती.

तेव्हा गावकऱ्यांनो, आमच्या आंगणात गवत वाढलं असेल तर कुणी मनाला लावून घेऊ नका. कुलूप आहे, घर ओस नाही. मी घर घर म्हणून तिकडं तोंड करून बसायचे ते आता कमी झालं आहे, थोडं वाईटही वाटतं त्याचं. पण घर म्हणजे आपली गोष्ट पुरी ऐकून घेणारं माणूस असलं, तर ते सध्या सेक्टर दोनला राहतं. डॉक्टरनं काळा चष्मा केव्हाच बंद करायला सांगितला आहे. दुपारी मी रेकॉर्ड पुसायला घेतली, की आई तो शोधून डोळ्यांवर चढवते आणि पलंगावर पाय वर घेऊन बसते.