उलटा दगड

रामघाटच्या शिवरामशास्त्र्यांचा ढुंढिराज वेदपाठात कच्चा निघाला. घरात चार पिढ्या ऋग्वेद शिकवत आलेल्या, आणि याचा स्वर ऐन ऋचेत घसरायचा. हात मात्र विलक्षण. सहाणेवर चंदन उगाळायला बसला की गंध लोण्यासारखं उतरायचं. मंगला गौरीच्या देवळाजवळ एका घरी पूजेला प्राध्यापक वेणीमाधव पाध्ये आले होते. ते कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. पूजा राहिली बाजूला, ते ढुंढिराजचे हातच बघत बसले. निघताना म्हणाले, "आमच्याकडे दगड घासायला माणूस हवाय. येता का?"

शास्त्रीबुवा दोन दिवस मुलाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जा. पण घासशील तो नीट घास."

अशी १९२६ साली नोकरी सुरू झाली. खनिजाचा तुकडा कापायचा, काचेवर भुकटी टाकून घासायचा, मग आणखी बारीक भुकटी, मग त्याहून बारीक, तो आरशासारखा चमकेपर्यंत. मग पाध्ये तो सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. ढुंढिराजही डोळा लावायचा आणि जेवायचं विसरायचा.

पाचव्या वर्षी कॅनडातल्या एका खाणीतून पेटी आली. आत काळा, जड दगड आणि त्यात चण्याएवढे धातूचे थेंब. दगडावर पांढऱ्या रंगाचा बाण होता. खाणीत बाणाच्या टोकाची बाजू वर होती, असं सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेलं.

"हे थेंब आत गेले कसे?" ढुंढिराजने विचारलं.

"गेले नाहीत, तिथेच झाले," पाध्ये म्हणाले. "हा दगड एकेकाळी जमिनीच्या पोटात वितळलेला रस होता. त्यात गंधक जास्त झालं की लोखंड, निकेल, तांबं त्याच्याशी जोडी जमवतात आणि वेगळे थेंब होऊन बसतात. रसात मिसळतच नाहीत. जड असतात, खाली खाली जातात. असे अगणित थेंब तळाशी साचले की झाली खाण."

आगीच्या रसात धातूचा पाऊस. ढुंढिराज त्या दिवशी घरी पोचेपर्यंत एकटाच हसत होता. घाटावरच्या पंड्याने विचारलं, "का हो भैया, भांग चढली का?"

घासताना त्याला दिसलं, प्रत्येक थेंब दुरंगी आहे. एक बाजू काशाच्या भांड्यासारखी तपकिरी, तिच्यात निकेलच्या खनिजाच्या बारीक, ज्वाळांसारख्या रेषा. दुसरी बाजू पिवळीधमक, तांब्याची. आणि बाणाप्रमाणे बघितलं तर पिवळी बाजू झाडून सगळ्या थेंबांत खाली. पाध्ये पंधरा दिवस डोकं धरून बसले. तांब्याचा भाग हलका, तो तळाशी कसा जाईल? त्यांनी तीन कारणं लिहिली आणि तिन्ही खोडली.

ढुंढिराजने हे सगळं बायकोला, कालिंदीला, स्वयंपाकघरात सांगितलं. तिने चुलीवरून साखरेचा पाक उतरवला होता. कोमट तुपाच्या वाटीत तिने पाकाचा एक थेंब सोडला. तो गोल झाला आणि टुपकन तळाशी जाऊन बसला.

"असं?" ती म्हणाली.

"अगं, अगदी असंच."

त्यानंतर दोघांनी मिळून वाटीत वीस-पंचवीस थेंब सोडले आणि पोटं धरून हसली. तूप वाया गेलं म्हणून सासूबाई बाहेरून ओरडल्या.

"पण पिवळं खाली का, ते कळत नाही," तो म्हणाला.

"अहो, केशर घालून खडीसाखर करते ना मी, तेव्हा आधी खडे धरतात. ते पांढरे असतात. केशर उरलेल्या पाकात जातं. तुमचं तांबंही शेवटी उरत असेल."

"आणि आधी गोठलेले जड खडे तळाशी बसले, तर उरलेला पाक कुठे जाईल?"

"कुठे म्हणजे? वर."

ढुंढिराज उठलाच. अंगरख्याची एक बाही घालायची राहिली. पायऱ्या दोन-दोन उतरून त्याने कॉलेजकडे जाणारी नाव गाठली आणि सगळ्या वाटेत नावाड्याला पाक समजावून सांगितला. पाध्ये वर्गात शिकवत होते. हा दारातूनच म्हणाला, "साहेब, थेंब बरोबर आहेत. दगड उलटा आहे."

वर्गात हशा पिकला. पाध्ये मात्र हसले नाहीत. त्यांनी कपाटातून दगड आणला, मेजावर ठेवला आणि बाण खाली येईल असा फिरवला. सगळ्या थेंबांवर पिवळ्या टोप्या आल्या. मग ते जे हसायला लागले, ते चष्मा पुसत खुर्चीतच बसले.

कॅनडाला पत्र गेलं. उत्तर यायला चार महिने लागले. तोवर ढुंढिराजला काही धीर निघेना. देव्हाऱ्यातले शाळिग्रामसुद्धा तो उलटेसुलटे करून बघायचा. शेवटी पत्र आलं. खाणीतल्या माणसाने कबूल केलं होतं की बाण दगड बाहेर काढल्यावर अंदाजाने रंगवला होता. दगड जिथून काढला तिथली खाणीतली खूण आता तपासली, ती बाणाच्या उलट निघाली. शेवटी विचारलं होतं, हे तुमच्याकडे कोणी ओळखलं?

पाध्यांनी उत्तरात दोन नावं लिहिली, ढुंढिराजचं आणि कालिंदीचं. ते पत्र ढुंढिराजने टपालात टाकण्याआधी घरी आणून वाचून दाखवलं. कालिंदीने स्वतःचं नाव इंग्रजी अक्षरांत कधी पाहिलं नव्हतं. कुठलं अक्षर कुठे, ते तिने बोटाने विचारून घेतलं.

शास्त्रीबुवा झोपाळ्यावर होते. त्यांनी पोथी मिटली. "ढुंढी," ते म्हणाले, "तो पाकाचा थेंब मलाही दाखव."

कालिंदी तूप गरम करायला उठली.