कुरडयांशेजारचा कॅमेरा

अजमतबीचा उन्हावर फार विश्वास. गाद्या, तुरीची डाळ, नातवंडांची दुपटी, जे जे कुबटलं ते तिनं गच्चीवर नेलं आणि माजलगावच्या उन्हानं ते बरं करून दिलं. तिथलं एप्रिलमधलं ऊन म्हणजे काही चेष्टा नव्हे; सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळी कापडावरून आपोआप सुटते. म्हणून उमापूरला लग्नाला निघताना तिचा नवरा मैनुद्दीन सहज बोलून गेला की, "अजमत, मोठ्या कॅमेऱ्याच्या भात्याला दमट वास मारतोय," तेव्हा तिनं मनात ठरवूनच टाकलं.

मैनुद्दीन मोंढ्यामागच्या गाळ्यात फवारणीचे पंप आणि शिलाई मशिनी दुरुस्त करतो. सगळा तालुका त्याला मैनूमिस्त्री म्हणतो. वीस वर्षांपूर्वी मशिनीच्या सुट्या भागांसाठी हैदराबादला गेला आणि जुन्या बाजारातून भागांऐवजी एक मोडका लाकडी डबा घेऊन आला. तो होता पूर्वीचे पेपरवाले खांद्यावर वागवायचे तसला फोटोचा कॅमेरा. पुढचं फळकुट उघडलं की हार्मोनियमसारखा चामडी भाता बाहेर यायचा आणि बाजूला लावायची ती दिव्याची चकचकीत वाटी चांगली परातीएवढी. तेव्हापासून असले अकरा कॅमेरे कपाटात जमले. त्यातला एकही तो विकायला काढत नाही. रविवारी बसतो, खोलतो, पुसतो, जोडतो. अजमतबी त्यांना "तुमची डबडी" म्हणायची. वीस वर्षांत त्यातल्या एकातही तिनं डोकावून पाहिलं नव्हतं. पोरं वाढवायची, बुरखे शिवायचे, स्वयंपाक करायचा. डबड्यात काय बघायचं?

हैदराबादच्या त्या पहिल्या, मोठ्या कॅमेऱ्यावर मात्र मिस्त्रीचा जीव होता. तो नीट करायला तीन वर्षं लागली त्याला. भाता त्यानं पेटी दुरुस्त करणाऱ्या पंडितकडून नव्यानं घड्या घालून आणला, तुटके स्क्रू स्वतः कातले. नुकतीच पुण्याहून एका हौशी माणसानं फिल्मची पाकिटं पाठवली होती. येत्या शुक्रवारी नमाजनंतर पहिला फोटो काढायचा, असं सगळ्या गल्लीला सांगून झालं होतं.

तो लग्नाला गेला आणि अजमतबीनं कॅमेरा गच्चीवर नेला. कुरडयांच्या शेजारी जुन्या चादरीवर मांडला. घडीघडीला ऊन लागावं म्हणून भाता पूर्ण ओढला. भिंगावर टोपण होतं, तेही काढलं. आतला दमटपणा बाहेर पडू दे. मग ती कुरडया उलटवायला वळली.

थोड्या वेळानं रेशीम जळावं तसा वास आला. वळून बघते तर भिंगाच्या आतून धुराची एक बारीक दोरी वर चढतेय. ती धावली, कॅमेरा उचलून सावलीत नेला. धूर थांबला. पण भिंगातून आलेल्या सूर्यानं आतल्या काळ्या पडद्याला मोहरीएवढं भोक पाडलं होतं.

आता हा पडदा म्हणजे काय, ते तिला मिस्त्रीच्या बडबडीतून ठाऊक होतं. इतर कॅमेऱ्यांच्या भिंगाला पापणी असते. याला नाही. याची पापणी म्हणजे मागचा हा पडदा. रुळावर गुंडाळलेलं लांब कापड. त्याची चीर फिल्मपुढून सर्रकन जाते तेवढ्यात फोटो उमटतो. पापणीलाच भोक पडलं तर डोळा मिटणार कसा?

शेजारच्या भिवराबाई आठच दिवसांपूर्वी ऊसतोडीवरून परतल्या होत्या. त्यांनी गच्चीच्या कठड्यावरून सगळं पाहिलं.

"भाबी, कुरडयांबरोबर कॅमेरा कावून वाळवलाव?"

"कसर लागंल म्हनून."

"आता मिस्त्री तुमाला वाळवंल."

मिस्त्रीनं तसं काही केलं नाही. संध्याकाळी आला, तिनं दारातच सांगून टाकलं. त्यानं कॅमेरा खिडकीशी धरला, मागून आत पाहिलं. काळोखात एक लख्ख ठिपका.

"असू दे," म्हणाला आणि कपाटाला कुलूप लावलं.

एवढंच. अजमतबीला वाटलं, दोन शब्द बोलला असता तर बरं झालं असतं. दोन दिवस तो जेवला, गाळ्यावर गेला, आला. कपाटाकडं फिरकला नाही. रस्त्यात कुणी विचारलं, "मिस्त्री, शुक्रवारचं पक्कं ना?" तर "बघू" म्हणायचा. ते "बघू" तिच्या काळजाला घरं पाडायचं.

तिसऱ्या दिवशी तिनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "कापड कसलं हाय ते?"

"रेशीम. वरून रबर. आता मिळत न्हाई."

"नवं कशाला? भोक बुजवायचंय. सायकलवाल्याकडचं पंक्चरचं सोल्यूशन रबरच की."

"ते पिवळं असतंय. उजेड आरपार जातोय."

"मग काळं करा."

"कशानं?"

अजमतबी हसली. "मियाँ, तीन लेकरांचे डोळे काजळानं भरलेत मी."

तिनं तेलाचा दिवा लावला, त्यावर पितळी ताट उपडं टेकवलं आणि दुपारपर्यंत धरलेली काजळी चाकूनं खरवडली. कोरडी, भुकटीसारखी. सोल्यूशनमध्ये कालवून शिवणाच्या सुईच्या टोकानं भोकावर लावली. पहिला लेप जाड झाला. पडदा गुंडाळताना स्वतःलाच चिकटला. मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. तिनं शांतपणे तो खरवडून काढला आणि कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ लेप दिला, एकदा या बाजूनं, एकदा त्या. वाळल्यावर नातीच्या पावडरीचं बोट फिरवलं.

"हे कशाला?"

"ट्यूबवर टाकतात ना, चिकटू नये म्हनून. तुमालाच म्हाईत पायजे."

शुक्रवारी सकाळी कॅमेरा अंगणात तिपाईवर चढला. मागच्या बाजूला दुधी काच. तपासायला डोक्यावर काळं कापड हवं, मिस्त्री शोधू लागला. अजमतबीनं खुंटीवरचा स्वतःचा बुरखा काढला.

"माझे डोळे आता पाणावतात," तो म्हणाला. "तूच बघ."

तिनं बुरखा स्वतःच्या डोक्यावरून कॅमेऱ्यावर ओढला. मिट्ट काळोख.

"काय दिसतंय?"

"कायच न्हाई."

"नीट बघ. ठिपका?"

"न्हाई म्हनते ना. विहिरीत बघितल्यावानी हाय."

बाहेर मिस्त्रीनं मोठा श्वास सोडल्याचं तिला ऐकू आलं. मग त्यानं किल्ली फिरवली. पडदा सरकला, त्यात चिरेशेजारी कापलेली मोठी खिडकी भिंगामागं आली.

आणि काचेवर सगळं अंगण उतरलं.

उलटं. लिंबाचं झाड वरून खाली लोंबत होतं आणि त्याचं एकेक पान हलत होतं. आभाळ तळाशी, परातीत निळं पाणी धरावं तसं. रंग इतके ओले की बोट लावलं तर पुसतील. ज्या दोरीवर ती चाळीस वर्षं कपडे वाळत घालत आली ती दोरी, तो नळ, ती पिवळी बादली. पण जणू कुणी आत्ताच घडवून तिच्यासमोर ठेवलेली. आणि या सगळ्यातून, डोकं खाली आणि पाय वर, भिवराबाई चालत आल्या. डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर. घागरीचं तोंड आभाळाकडं, आभाळ खाली. पाण्याचा एक थेंब सांडला नाही.

अजमतबीला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही.

"अगं, काय दिसतंय?"

बुरख्याच्या आत गरम होत होतं, मान अवघडली होती, तरी ती निघेना. हा माणूस वीस वर्षं रविवारचा कुठं जात होता, ते तिला आत्ता दिसलं होतं.

शेवटी म्हणाली, "समोर उभं ऱ्हावा. फोटो मी काढते."

"तू?"

"मी."

तो टोपी नीट करून लिंबाखाली उभा राहिला, तिनं काचेत बघून घेतलं; मग त्यानं येऊन फिल्मची पाटी बसवून दिली, कळ दाखवली आणि पुन्हा जागेवर गेला. तिनं कळ दाबली. सर्र. पापणी मिटली.

न्हाणीची फट न् फट गोणपाटानं बुजवून त्यानं फिल्म धुतली, कागदावर छाप घेतली. दुपारी तो कागद दोरीवर चिमट्याला लटकला. मिस्त्री भिंग लावून कोपरान् कोपरा तपासत होता. डाग नव्हता. कुठंच नव्हता. पण त्याची टोपी अर्धी कापली गेली होती.

भिवराबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "भाबी, भोक बुजलं, पर मिस्त्रीचं डोस्कं उडवलंव की!"

"उलटं दिसतंय ना आत," अजमतबी म्हणाली. "मला वाटलं पाय कापायलेत, म्हनून जरा हलवला."

"आता तू बस समोर," मिस्त्री म्हणाला. आधारकार्डाखेरीज तिनं कधी फोटो काढू दिला नव्हता.

"मी न्हाई बसत. मी आतूनच बघते." ती पुन्हा बुरख्यात शिरली. आतून आवाज आला, "भिवराबाई, आणखी एक फेरी मारा की. घागर भरूनच."

"कावून?"

"मारा तर."