नत्थुजींची खाचांची काठी

नत्थुजी अकोल्याला चाकं घ्यायला गेले तेव्हा त्यांच्या हातात बांबूची काठी होती. काठीवर दोन खाचा. गावापासून दर्यापूरपर्यंत बैलबंड्यांनी पाडलेल्या चाकोरीच्या दोन रेघांमधलं ते अंतर होतं. त्यांनी ते तीन ठिकाणी मोजलं होतं.

१९५८चा उन्हाळा. वीस वर्षं बंडी हाकल्यावर त्यांनी लष्कराच्या लिलावातला लहान ट्रक घेतला होता. कारण एकच. मागच्या भादव्यात त्यांच्या बायकोला, भागीरथाबाईंना, कळा सुरू झाल्या आणि दर्यापूरच्या दवाखान्यात नेताना बंडी काळ्या मातीत रुतली. बैल गुडघ्यांवर बसले. मूल वाटेतच गेलं. यंदाही दिवस भादव्यातच भरणार होते.

ट्रकची जुनी चाकं झिजून गुळगुळीत झाली होती. हबीबभाईंच्या आवारात लष्करी भंगाराचे ढीग होते. त्यांनी रुंद, जाड नक्षीचं एक चाक लोळवत आणलं.

"ये लो, नत्थुजी. कीचड़ पे तैरेगा."

चाक ट्रकला टेकवून नत्थुजींनी काठी लावली. जुळेना.

"चाकोरीत बसत नाई हे."

"अरे, ट्रक चलानी है के बंडी?"

"वाट तं बंडीचीच हाय ना, भाई? मांगच्या साली डबकं चुकवाले वाट सोडली. म्हणून तं रुतलो."

हबीबभाई ढिगामागे गेले. कोपऱ्यात उंच, अरुंद चाकं होती. ती बसवून पाहिली. जराशी आत बसली आणि काठीच्या खाचा बरोबर जुळल्या. कितीतरी महिन्यांनी नत्थुजी हसले.

घरी भागीरथाबाईंनी चाकांना कुंकू लावलं.

"अवो, हे तं आपल्या बंडीवानीच दिसते."

"तसंच पायजे," नत्थुजी म्हणाले.

आषाढात ट्रक दोनदा दर्यापूरला जाऊन आला. चाकोरीतून जराही ढळला नाही. नत्थुजींना नीट झोप लागू लागली.

भादव्यातल्या एका दुपारी कळा सुरू झाल्या. तोवर बंड्यांनी चाकोरी गुडघाभर खोल केली होती. ट्रक निम्म्या वाटेवर थांबला. चाकं गरगर फिरत होती, ट्रक जागचा हलत नव्हता.

नत्थुजी उतरले, वाकले. दोन रेघांमधला उंचवटा ट्रकच्या पोटाला टेकला होता. बंडीचा आस कमरेशी असतो. ट्रकचा गुडघ्याच्याही खाली. रुंदी त्यांनी तीनदा मोजली होती. उंची एकदाही नाही.

"काय झालं?" आतून भागीरथाबाईंनी विचारलं.

ते ट्रकखालीच पाहत राहिले.

"मले उतरवा," त्या म्हणाल्या. "आता नका पाहू त्याच्याकडे."

ट्रकचा मागचा फाळका काढला. शेतातून तीन माणसं धावत आली. चौथ्या कोपऱ्याला नत्थुजी. फाळक्यावर निजवून भागीरथाबाईंना दर्यापूरला नेलं. दोन तास लागले. त्या वाचल्या. मुलगी वाचली नाही. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा नको.

पंधरा दिवसांनी नत्थुजी अकोल्याला गेले. काठी नेली नाही. हबीबभाईंनी काही विचारलं नाही. स्वतःच रुंद चाकं लोळवत आणली आणि बसवून दिली.

त्या चाकांवर ट्रक चाकोरी सोडून धुऱ्याच्या, शेताच्या बांधाच्या, कडेनं चाले. चिखलावरून सरकत, वाकडातिकडा, पण चाले. पुढचे नऊ पावसाळे आजूबाजूच्या गावांतली कोणतीही अडलेली बाई नत्थुजींनी वाटेत राहू दिली नाही. मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन भागीरथाबाई बसत.

दवाखान्यात मात्र नत्थुजी कधी शिरले नाहीत. बाहेर उकिडवे बसून चाकांचा चिखल खरवडत राहत. त्याच खाचांच्या काठीनं. चाक स्वच्छ झालं तरी काठी थांबत नसे.

मग भागीरथाबाई दारात येत.

"झालं. पोरगी हाय. रडून राहिली."

"बरं," ते म्हणत, आणि काठी खाली ठेवत.