आमच्याच फाटकापाशी बाबांनी घर विचारले

वाचनालयाच्या मित्रहो, आज फलकावर बातम्यांऐवजी घरचाच अनुभव लिहितो आहे.

आज महाशिवरात्र. सकाळी साडेअकराला मी अंगणात सायकलची साखळी पुसत होतो. माझे वडील देवळातून परतले. ते भिंत धरून चालत होते आणि आमच्याच फाटकापाशी थांबून विचारू लागले, "हे घर कोनाचं हाय गा?"

शेजारचे किसनकाका हसले. "काय गा भाऊ, आज भांग जास्तच झाली काय?"

फाटकापाशी जमलेले शेजारी सगळे हसले. खरे सांगतो, क्षणभर मलाही तसेच वाटले. पण बाबांचा सदरा घामाने भिजला होता आणि हात थरथरत होते.

मी आईला विचारले, "माय, बाबानं डायबेटिसची गोळी घेतली काय वं?"

"घेतली नं. पण उपास हाय, पोटात काहीच नाही."

मी साखरेचा डबा काढला, तर तिने माझा हात धरला. "डॉक्टरनं साखर बंद केली हाय नं!"

त्याच डॉक्टरांनी बजावले होते, की गोळी घेऊन पोट रिकामे राहिले तर रक्तातली साखर एकदम उतरते; घाम सुटला, तोल गेला, बोलणे भरकटले तर आधी साखर द्या. मी साखरपाणी पाजले.

थोड्या वेळाने बाबांनी सगळ्यांकडे पाहिले. "काहून गा किसन, माह्या दारात काय तमाशा हाय?"

"तुमचंच घर दाखवून राहिलो तुम्हाले," काका म्हणाले, आणि आता आईही हसली.

मित्रहो, तुमच्या घरी मधुमेहाचे कोणी म्हातारे माणूस आज गोळी घेऊन उपाशी आहे का? आधी घरी जाऊन विचारा. बाकीचा फलक नंतर वाचा.