ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारी

व्हार्निशचा डबा पेटला तेव्हा मालक मला ओलांडून तिच्याकडे धावले. बाहत्तरच्या दुष्काळात साताऱ्याहून येऊन मी सांगलीच्या त्या अँप्लिफायरच्या कारखान्यात लागले होते. माझ्या शेजारी बसणारी ती ट्रान्सफॉर्मरची तार हाताकडे न बघता, गप्पा मारत गुंडाळायची. माझी तुटली की म्हणायची, "अगं, तार हाय ती, बैल न्हवं. वढू नगंस." सगळे हसायचे. तसली बोटं मला हवी होती, म्हणून ती बाई नको वाटायची.

त्या धुरातही मालकांचा हात झटकून ती म्हणाली, "मालक, आधी हिला काढा. ही लय हळू हाय." बाहेर आल्यावर माझी पाठ भाजलेली होती आणि मालक तिची बोटं उलटसुलट करून बघत होते. वाचलो मात्र तिघंही.