शेवटच्या दिव्यापाशी गर्दी

लिफ्टमध्ये शिरलं की लोक आरशात बघतात. माझे बाबा छताकडे बघतात आणि कान देतात. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये कुठेतरी ते "हं" म्हणतात, आणि त्या "हं"च्या लांबीवरून मला कळतं की हा ब्रेक वर्षभर टिकेल की आठवडाभर. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो की यजमानांच्या तब्येतीआधी त्यांच्या लिफ्टची चौकशी होते.

लहानपणी मला त्यांच्या कामाची एक गोष्ट खुपायची. माझ्या एका मैत्रिणीचे वडील बस चालवायचे. ते रस्त्यात दिसले की हॉर्न वाजवायचे आणि ती दिवसभर फुशारक्या मारायची. माझ्या वडिलांचं काम चांगलं झालं तर कुणाला काहीच दिसायचं नाही. लिफ्ट वर जायची, खाली यायची, लोक आत उभे राहून पिशवीत किल्ल्या शोधायचे. गच्चीवर लिफ्टचं यंत्र असलेल्या छोट्या खोलीत कुणीतरी जातं हे लिफ्ट बंद पडल्यावरच आठवायचं, तेही शिव्या देण्यासाठी. तुम्हाला कुणी शाबास का म्हणत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले, शाबास म्हणायला लोक दारात थांबले तर लिफ्ट खोळंबेल.

त्यांचे नियम दोनच. विजेचा मेन बंद केल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. आणि काम झाल्यावर तळापासून वरपर्यंत स्वतः चढून बघितल्याशिवाय कागदावर सही करायची नाही. यातल्या पहिल्या नियमाने गेल्या महिन्यात आमच्या घरात हाहाकार केला.

आई गेल्यावर बाबा दोन वर्षं एकटे राहिले. मग गुडघा बदलला आणि मी त्यांना इकडे आणलं. बाहेरच्या खोलीत त्यांची कॉट, समोर टीव्ही, टीव्हीखाली दोन दारांचं लाकडी कपाट, आणि त्या कपाटात माझ्या मुलीचं खेळांचं यंत्र. मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. लहानपणी गालात खाऊ साठवून ठेवायची म्हणून घरात तिला खारू म्हणतात. मी काळजी करणारी बाई आहे, हे सांगून टाकलेलं बरं. ते यंत्र घरात आलं तेव्हा मी तिच्या डोळ्यांची काळजी केली, मग पाठीची, मग मार्कांची. मार्क चांगले पडले तेव्हा, हे किती दिवस टिकेल याची केली.

त्या दिवसांत ती एक खेळ खेळत होती. समुद्राकाठचं एक गाव, माणसं सगळी निघून गेलेली. गावात एकशे बारा दिवे, आणि खेळणारा म्हणजे मागे उरलेला एकटा दिवेवाला. प्रत्येक दिव्याचं दुखणं वेगळं. कुठे वात संपलेली, कुठे काच तडकलेली, कुठे वर चढायला शिडीच नाही. दिवा लागला की कुठूनसा एक आवाज येतो आणि विचारतो, इथे बघायला कुणी नाही, मग तू हे का करतोस? दिलेल्या उत्तरांतलं एक निवडायचं. त्यात बरोबर-चूक असं काही नाही. पुढच्या दिव्यापाशी तोच प्रश्न थोडा अवघड होऊन येतो. हा दिवा उद्या विझणार असेल तर? तू लावलास हे तूच विसरणार असशील तर?

खारूला या प्रश्नाने झपाटलं होतं. तिला तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाई कॉलेजचं मासिक काढतात. तिने त्यांना सांगितलं की मी या खेळावर लेख लिहिते: एवढा मोठा प्रश्न उभा केल्यावर खेळाचा शेवट त्याला न्याय देतो का? बाईंनी नाक मुरडलं, खेळ म्हणजे काय ग्रंथ आहे का, असंही म्हणाल्या. पण दोन पानं राखून ठेवली आणि पुढच्या शनिवारची मुदत दिली. आपल्या लेखाला कुणीतरी जागा ठेवली आहे हे खारूच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मुदतीला नऊ दिवस होते. एकशे नऊ दिवे लागले होते.

त्या गुरुवारी सकाळी खेळ थांबवून ती आंघोळीला गेली. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं चक्र फिरत होतं आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की यंत्र बंद करू नका. बाबांचा चष्मा कॉटवर होता. त्यांना दिसली ती कपाटातून लोंबणारी वायर. सैल वायर दिसली की त्यांचा जीव कासावीस होतो. ते उठले, काठी टेकत दारापाशी गेले आणि नियमाप्रमाणे आधी घराचा मेन बंद केला. मग वायर नीट खोचली आणि मेन चालू केला.

खारू ओल्या केसांनी बाहेर आली तेव्हा पडद्यावर लिहिलं होतं, फाइल खराब झाली आहे, नवा खेळ सुरू करा.

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने टीव्ही बंद केला. बाबांना प्रकार समजायला पाच मिनिटं लागली. मग त्यांनी एवढंच विचारलं, "किती तासांचं काम होतं?"

"बेचाळीस," खारू म्हणाली आणि पिशवी उचलून कॉलेजला गेली.

बाबांनी चौतीस वर्षांत कुणाचं काम मोडलं नव्हतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, गुडघ्याचे व्यायामही केले नाहीत. संध्याकाळी मी मार्ग सुचवला: हा शेवट कुणीतरी इंटरनेटवर टाकला असेलच, तो बघ आणि लिही. दोघांनी माझ्याकडे अगदी सारख्या नजरेने पाहिलं. अबोला चालू असताना दोघांचं एकमत झालेलं मी प्रथमच पाहत होते.

"न चढता सही?" बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खारू कॉलेजला गेल्यावर बाबांनी मला ते यंत्र सुरू करून मागितलं. दिवसपाळी माझी, संध्याकाळची तिची, म्हणाले. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला मोबाइलवर फोटो उघडता येत नाही. ते म्हणाले, बटणं आहेत ना, मग येईल. आणि माझ्याकडून एक कोरी वही मागून घेतली. त्यांच्या कामात पाळी बदलताना वही सोपवतात. काय केलं, काय राहिलं, कशापासून जपायचं, हे पुढच्याला कळावं म्हणून.

पहिल्या दिवशीची नोंद मी चोरून वाचली. "सकाळी १० ते १२.३०. दिवे १ ते ४ लावले. दिवा ३ ची शिडी डावीकडून कमकुवत. पाण्यात दोनदा पडलो. दिवेवाल्याला पोहता येत नाही असं दिसतं."

खारू घरी आली, बाबांकडे न बघता वही वाचली, आणि तीन तासांत चौदा दिवे लावले. खाली लिहिलं होतं, "पोहता येतं. गोल बटण."

"पोहलो. आभार," ही दुसऱ्या दिवशीची नोंद. "दिवा २१ च्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. तुमचं मत वेगळं असू शकतं, म्हणून तसंच ठेवलं आहे."

"उत्तर दिलं. पण मला 'तुम्ही' का म्हणता?"

"वहीत सगळे 'तुम्ही'च असतात."

तोंडाने बोलणं अजून नव्हतं, पण त्या नोंदीपाशी स्वयंपाकघरात मला तिचं हसू ऐकू आलं. मी लगेच काळजीत पडले. याच गतीने मुदतीत होणार का? भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मी रोजचे दिवे मांडत होते आणि दर तासाला बाबांना पाय लांब करायची आठवण करत होते. चौथ्या दिवशी त्यांनी एका सकाळी अकरा दिवे लावले आणि गुडघाही पूर्ण वाकवून दाखवला.

पाचव्या दिवशी खटका उडाला. वहीत नोंद होती: "दिवा ३४ ची काच पुसलेली नव्हती. परत गेलो, पुसली." दिवा चौतीस खारूचा होता.

ती वही घेऊन थेट कॉटपाशी आली. "आजोबा, काच पुसून काही होत नाही. गुण मिळत नाहीत, पुढचं काही उघडत नाही, आवाजसुद्धा काही बोलत नाही. त्यात अर्धा तास गेला. आपल्याकडे वेळ कुठाय?"

"गुण नाहीत म्हणूनच तर हा खेळ आहे ना?" बाबा म्हणाले. "तूच सांगितलं होतंस."

ती वही मिटून शेजारी बसली. त्या संध्याकाळी तिने नऊच दिवे लावले, पण काचा पुसून. मी दिनदर्शिकेत नऊ मांडले आणि उरलेले दिवे पुन्हा मोजले.

शेवटचा दिवा आला तो शुक्रवारी, मुदतीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता. उंच मनोऱ्यावर होता. बाबांनी रिमोट तिच्या हातात दिला. ती जिने चढली, मग तिने वात बदलली, काच पुसली, दिवा लावला. आम्ही तिघं प्रश्नाची वाट बघत होतो. प्रश्न आला नाही. वाद्यं वाजायला लागली. गावातल्या घरांची दारं एकेक करून उघडली आणि माणसं बाहेर आली, शेकडो माणसं. ती कुठे गेलीच नव्हती. पडद्यांमागून सगळा वेळ बघत होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या, दिवेवाल्याला खांद्यावर घेतलं, आणि चौकात त्याचा पुतळा उभा राहिला.

खारू रडत होती. मलाही भरून आलं होतं. बाबा म्हणाले, "हं." आठवडाभर टिकणाऱ्या ब्रेकचं "हं" होतं ते.

"काय झालं आता?" खारूने नाक पुसत विचारलं.

"लिफ्ट मजल्याला बरोबर लागली नाही. वीतभर वरच थांबली. लोक उतरतील, पण ठेच लागेल."

"इतके दिवस एकटा होता तो. त्याला टाळ्या मिळाल्या तर तुमचं काय गेलं?"

"माझं काय जायचंय? पण कुणी बघत नसेल तर, कुणी बघत नसेल तर, असं एकशे अकरा वेळा विचारलं. आणि शेवटी म्हणतात, अहो, आम्ही बघतच होतो. मग विचारलं कशाला?"

"आणि तुमच्यासाठी वाजवल्या असत्या तर? तुम्हाला नको होत्या?"

हा प्रश्न मी लहानपणी विचारला होता आणि विनोदावर भागवून घेतलं होतं. या वेळी बाबांनी विनोद केला नाही. ते गुडघ्यावर हात फिरवत राहिले. मग सांगू लागले की गच्चीवरच्या त्या मशीनरूममध्ये एक लोखंडी पॅनेल असतं, आणि त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला मेकॅनिक पेन्सिलीने लिहून ठेवतात. तारीख, सही, एखादी ओळ. ब्रेक झिजला आहे, जूनमध्ये बघणे, असं काहीतरी. मालकाला ते दिसत नाही, साहेबालाही नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांना एका जुन्या इमारतीत एकट्याला पाठवलं होतं. यंत्र सुरू केल्यावर असा आवाज आला की ते पळायच्या बेतात होते. पॅनेलच्या दारामागे कुणीतरी फार पूर्वी लिहिलं होतं, खालच्या पुलीचा आवाज होतो, घाबरू नये.

"कोण होता तो?" खारूने विचारलं.

"माहीत नाही. कधीच निवृत्त झाला होता. मी घाबरलो नाही, एवढं खरं."

खारू म्हणाली, "म्हणजे बघणारा होताच की, आजोबा. तुमच्यासुद्धा कामाला."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. सापडले होते ते, आणि त्यांना ते आवडलं होतं हे मला दिसत होतं. "होता," ते म्हणाले. "पण एकच. आणि तोही मी गेल्यावर येणारा."

खारूने पाळीची वही ओढली आणि मागच्या कोऱ्या पानांवर लिहायला सुरुवात केली. ती जेवायला उठेना तेव्हा मी ताट तिथेच नेऊन ठेवलं.

शनिवारी सकाळी शुद्धलेखन तपासायच्या निमित्ताने मी लेख वाचला. तिने लिहिलं होतं की शेवट बघून मी रडले आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण मी दिवेवाल्यासाठी रडले. प्रश्न तसाच मागे राहिला. खेळाला स्वतःच्या प्रश्नाची भीती वाटली आणि त्याने घाईघाईने गर्दी बोलावली. अगदी कुणीच नको असंही नाही. एक माणूस पुरला असता. तिच्या मनातला शेवट तिने चार ओळींत दिला होता: बऱ्याच वर्षांनी एक नवा दिवेवाला गावात येतो, तिसऱ्या दिव्यापाशी शिडीला हात घालतो, आणि त्याला तिथे खडूने लिहिलेलं दिसतं, डावीकडून कमकुवत. तो उजवीकडून चढतो. संपलं.

बाईंनी लेख घेतला, एक शब्द बदलला आणि छापायला पाठवला. चांगला म्हणाल्या नाहीत की वाईट म्हणाल्या नाहीत. मी दोन दिवस धास्तावून खारूचा चेहरा बघत होते. तिचं काही बिनसलं नव्हतं. बाबांबरोबर तिने नवा खेळ सुरू केला आहे, शेती-बिती आहे काहीतरी, आणि वही चालूच आहे.

काल दुपारी टीव्हीखालचं कपाट आवरायला घेतलं. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीची अक्षरं दिसली. वर त्या गुरुवारची तारीख, बाबांची सही आणि एक ओळ: मेन बंद करण्यापूर्वी नातीला विचारणे. त्याखाली, परवाची तारीख घालून, खारूचं अक्षर: आज विचारलं. परवानगी दिली. वायर आता घट्ट आहे.

मी फडकं खाली ठेवलं आणि आतून पेन्सिल आणली. तारीख घातली, सही केली आणि लिहिलं: धूळ पुसली. सर्व ठीक. काळजी नसावी.